कोऱ्या कागदाची साक्ष

राज्य चालवावयाचें म्हणजे लहानमोठे शेंकडों अधिकारी नेमावे लागतात, आणि ते नेमतांना राजापुढें दोनच मार्ग असतात. एक तर ओळखीच्या माणसांच्या शिफारशीवर विश्वास टाकावयाचा, नाहीं तर उमेदवाराला समोर बसवून त्याच्या अंगच्या गुणांची परीक्षा घ्यावयाची. पहिल्या मार्गांत वशिला शिरतो, हें सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्या मार्गांत लबाडी शिरते, आणि लबाडीच्या पाठोपाठ तिच्याहूनहि अवघड असा एक पाहुणा येतो; तो म्हणजे संशय. लबाडी उघडकीस आली तर तिला शासन करतां येतें. परंतु एखाद्याचें लिखाण त्याच्या लौकिकाच्या मानानें फारच सरस वाटलें, किंवा परीक्षकाचें आणि उमेदवाराचें आडनांव एकच निघालें, आणि लोक कुजबुजूं लागले, तर काय करावें? पुरावा नाहीं, पण शंका आहे. अशा वेळीं दुर्लक्ष केलें तर परीक्षेवरचा विश्वास उडतो, आणि शिक्षा केली तर एखादा निरपराधी मनुष्य भरडला जाण्याची भीति असते.

हा प्रश्न जितका दीर्घकाळ चीन देशापुढें उभा राहिला तितका दुसऱ्या कोणत्याहि देशापुढें क्वचितच राहिला असेल. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या अखेरीस व सातव्याच्या आरंभीं सुई राजघराण्यानें लेखी परीक्षेवरून अधिकारी निवडण्याची जी पद्धति सुरू केली ती १९०५ सालीं बंद झाली. मध्यंतरीं मंगोल अमदानींत कांहीं दशकें खंड पडला तो सोडला, तर सुमारें तेराशें वर्षें ती कमीअधिक फरकानें चालू होती. एवढ्या काळांत त्या देशानें संशयावर नाना उपाय करून पाहिले. त्यांतील दोन प्रसंग एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोहोंमध्यें नऊशें पंधरा वर्षांचें अंतर आहे. दोहोंत निवड झालेल्या उमेदवारांवर संशय आला, दोहोंत सम्राटाच्या आज्ञेनें फेरपरीक्षा झाली, आणि दोहोंत एका उमेदवाराच्या हातून कागद भरून झाला नाहीं. तथापि पहिल्या कागदानें खरी साक्ष दिली आणि दुसऱ्यानें खोटी. असें कां झालें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम ही परीक्षा कशाची असे तें पाहूं. तांग राजघराण्याच्या काळीं (इ. स. ६१८ ते ९०७) उमेदवाराला दोन दरवाजे ओलांडावे लागत. पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यास मान मिळे, पात्रता मिळे. पण नोकरी मिळत नसे. नोकरीसाठीं नेमणूक-खात्याची दुसरी परीक्षा द्यावी लागे, आणि तींत चार गोष्टी पाहत: उमेदवाराचा देह, त्याची वाणी, त्याचें हस्ताक्षर आणि त्यानें लिहिलेला निवाडा. निवाड्यासाठीं एखादी काल्पनिक फिर्याद देत आणि न्यायाधीशाच्या भूमिकेवरून तिचा निकाल लिहावयास सांगत. वरवर पाहतां ही कायद्याच्या ज्ञानाची परीक्षा झाली. परंतु तो निकाल साध्या गद्यांत लिहून चालत नसे. जोडीजोडीनें येणारीं समतोल वाक्यें, प्राचीन ग्रंथांतील दाखले आणि कानाला गोड लागणारी लय या सर्वांची त्यांत अपेक्षा असे. त्यामुळें कायदा मागें पडला आणि भाषा पुढें आली. बाय च्यू-ई हा थोर कवि ८०३ सालीं याच धर्तीच्या परीक्षेंतून नोकरींत शिरला. त्यानें सरावासाठीं लिहिलेले शंभर नमुन्याचे निवाडे पुढें उमेदवारांमध्यें हातोहात फिरूं लागले. नोकरीची वाट भाषाप्रभुत्वांतून जाऊं लागली म्हणजे त्या प्रभुत्वाची उसनवारीहि सुरू व्हावी, हें ओघानेंच आलें.

नेमणूक-खात्यांत ओळखीपाळखीवर निवड होते, ही तक्रार जुनीच होती. सातव्या शतकाच्या उत्तरार्धांत सत्ता आपल्या हातीं घेतलेल्या सम्राज्ञी वू हिनें यावर एक उपाय काढला. उमेदवारानें आपल्या कागदावरचें नांव वर दुसरा कागद चिकटवून झांकावें, म्हणजे आपण कोणाचें लिखाण तपासतों हें परीक्षकास कळणार नाहीं, असा तिनें हुकूम केला. हा नियम पुढें सतत पाळला गेला नाहीं, आणि त्याचें फळ तिचा नातू श्युआन-त्सुंग याच्या राज्यांत दिसून आलें.

ही ७४३ सालच्या आरंभींची गोष्ट. नेमणुकांसाठीं राजधानींत जमलेल्या उमेदवारांची संख्या दहा हजारांच्या घरांत होती, आणि निवड झाली अवघ्या ६४ जणांची. खात्याचा मुख्य मंत्री दरबारच्या राजकारणांत गुंतलेला असल्यामुळें हें काम सुंग याव आणि म्याव चिन-छिंग या दोघां दुय्यम मंत्र्यांकडे होतें. यादींत पहिलें नांव निघालें तें चांग शी याचें. हा चांग शी म्हणजे सम्राटाच्या मर्जींत नुकत्याच आलेल्या चांग ई या वरिष्ठ अधिकाऱ्याचा मुलगा. त्याच्या विद्वत्तेविषयीं कोणाचा भ्रम नव्हता. नगरांत गवगवा झाला. एका माजी अधिकाऱ्यानें ती हकीकत सीमेवरचा सेनापति आन लू-शान याच्या कानीं घातली, आणि त्यानें ती सम्राटास सांगितली. हाच आन लू-शान पुढें ७५५ सालीं बंड करून उठला आणि त्यानें तांग साम्राज्य मुळापासून हलविलें. फिर्याद नेणारा मनुष्य असा होता. पण फिर्याद खरी होती.

सम्राटानें काय करावें? चांग शी याला एकट्याला पकडून फटक्यांच्या बळावर कबुली घेणें त्या काळीं अशक्य नव्हतें. श्युआन-त्सुंग यानें तसें केलें नाहीं. निवडलेल्या सर्वांस त्यानें राजवाड्यांत बोलाविलें आणि आपल्या देखत पुन्हां परीक्षेस बसविलें. दहांतून एकदोघे देखील टिकले नाहींत. चांग शी दिवसभर कागद हातांत धरून बसला, आणि दिवस मावळला तरी त्यावर एक अक्षर उमटलें नाहीं. लोकांनीं या प्रकाराला ‘कोरें ओढणें’ असें नांव दिलें, आणि तो शब्दप्रयोग चिनी भाषेंत कायमचा राहिला. हातच्या कांकणाला आरसा लागत नाहीं, तो असा. दोघे दुय्यम मंत्री, मुलाचा बाप आणि साहाय्यक परीक्षक यांना खालच्या पदांवर उतरवून दूरच्या प्रांतांत पाठविण्यांत आलें.

या फेरपरीक्षेंतील तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. ती एकट्या संशयिताची झाली नाहीं, सर्वांची झाली; त्यामुळें खऱ्या विद्वानाला आपली अब्रू जाते असें वाटण्याचें कारण नव्हतें. दुसरें असें कीं, उमेदवारांनीं जें आधीं करून दाखविलें असें म्हटलें जात होतें तेंच त्यांना पुन्हां करावयास सांगितलें. आणि तिसरें म्हणजे शासनाचा भार ज्यांच्या हातीं निवडीचा अधिकार होता त्यांच्यावर पडला. चांग शीपुढें त्या दिवशीं लज्जेवांचून दुसरें कोणतेंहि भय उभें नव्हतें. म्हणून त्याचा कोरा कागद पाहून त्याला लिहितां येत नाहीं, एवढाच अर्थ निघत होता, आणि तो खरा होता.

परंतु प्रत्येक वेळीं राजानें स्वतः बसून पहारा करणें शक्य नसतें, आणि नुसत्या पहाऱ्यानें भागतहि नाहीं. नवव्या शतकांतील वन थिंग-युन या कवीची कथा या बाबतींत मोठी बोलकी आहे. आठ वेळां हाताची घडी घातली कीं आठ यमकांची कविता त्याच्यापाशीं तयार होई, अशी त्याची ख्याति होती. परीक्षेच्या मंडपांत तो शेजाऱ्यापाजाऱ्यांस कविता रचून देतो, हेंहि सर्वांस ठाऊक होतें. एका वर्षीं परीक्षकानें सावध राहून त्याला इतरांपासून वेगळें, आपल्या पडद्यासमोर बसविलें. संध्याकाळीं तो नाराज होऊन लवकर उठून गेला. मागाहून चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तेवढ्या बंदोबस्तांतहि त्यानें आठ जणांचें काम करून दिलें होतें. जुने ग्रंथकार ही गोष्ट मोठ्या चवीनें सांगतात. दुसऱ्यांना पार नेणारा हा नावाडी स्वतः मात्र पैलतीरास कधींच लागला नाहीं.

९६० सालीं सुंग घराणें गादीवर आलें. त्याच्या पहिल्या सम्राटालाहि लवकरच हा अनुभव आला. ९७३ सालीं ली फांग या विद्वान् परीक्षकानें निवडलेले उमेदवार सम्राटाच्या भेटीस आले, तेव्हां त्यांतील एकाला साध्या प्रश्नांचीं उत्तरें धड देतां येईनात. आणि तो परीक्षकाच्या गांवचा निघाला. त्याच सुमारास नापास झालेल्या श्यू शी-ल्येन नांवाच्या उमेदवारानें दाद मागण्यासाठीं ठेवलेला नगारा वाजवून परीक्षकावर पक्षपाताचा आरोप केला. सम्राटानें नापास झालेल्यांतून १९५ जण निवडले, पास झालेल्यांनाहि त्यांच्याबरोबर बसविलें, आणि नवे कागद देऊन आपल्या समक्ष सर्वांची फेरपरीक्षा घेतली. सर्वांत वरच्या पदवीस २६ जण पात्र ठरले, आणि नगारा वाजविणारा त्यांत होता. ली फांग याची पदावनति झाली. परंतु सम्राट् एवढ्यावर थांबला नाहीं. राजवाड्यांतील ही अखेरची परीक्षा तेव्हांपासून नित्याची झाली. संशय आल्यावर करावयाचा उपाय त्यानें संशय येण्यापूर्वींच सर्वांना लागू केला, आणि त्यामुळें फेरपरीक्षेंतील अपमानाचा कांटा निघून गेला.

सुंग काळांतील पुढच्या सुधारणा याच विचारानें झालेल्या आहेत. नांवें झांकण्याचा नियम ९९२ सालीं राजवाड्यांतील परीक्षेस लागू झाला आणि पुढें खालच्या परीक्षांपर्यंत पोंचला. पण नांव झांकलें तरी अक्षर बोलतें. परीक्षक आपल्या शिष्याचें वळण ओळखूं शकतो. म्हणून १०१५ सालीं नकला करणाऱ्या लेखकांची एक कचेरीच उघडण्यांत आली. उमेदवाराचा मूळ कागद तेथें जाई, लेखक त्याची नक्कल करी, आणि परीक्षकाच्या हातीं पडे ती नक्कल. पुढील काळांत उमेदवारानें काळ्या शाईनें लिहावें आणि नक्कल तांबड्या शाईनें करावी असा प्रघात पडला, म्हणजे कोणता कागद कोणाचा याविषयीं घोटाळा होऊं नये.

इतकी काळजी घेतल्यावर संशय संपला असेल, असें वाचकांस वाटेल. तो संपला नाहीं. त्यानें जागा बदलली. १०५७ सालच्या परीक्षेंत ओउयांग श्यू हा थोर लेखक मुख्य परीक्षक होता. एक निबंध वाचून तो प्रसन्न झाला आणि त्याला पहिला क्रमांक देण्याचें त्याच्या मनांत आलें. पण इतकें सुंदर लिखाण आपला शिष्य त्संग कुंग याचेंच असलें पाहिजे, असें त्याला वाटलें. आणि आपण शिष्याचा पक्षपात केला असें लोक म्हणतील या भयानें त्यानें तो निबंध दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. नांव उघडलें तेव्हां तो निबंध सू शी नांवाच्या वीस-एकवीस वर्षांच्या तरुणाचा निघाला. सू तुंग-पो या नांवानें चीनच्या अग्रगण्य कवींत ज्याची गणना होते तोच हा. येथें कोणी लबाडी केली नव्हती, कोणी आरोप केला नव्हता. केवळ आरोपाच्या शक्यतेनें एका निरपराध्याचा क्रमांक गेला. झालेली हानि अर्थात् क्षुल्लक होती. पण संशयाला भिऊन वागणारा न्यायाधीश दुसऱ्याच्या पदरांतलें काढून आपली अब्रू राखतो, हें त्यांत दिसून येतें.

पुढें मिंग आणि छिंग घराण्यांच्या काळीं परीक्षेचा पसारा अतोनात वाढला. नानकिंगच्या परीक्षागृहांत एकोणिसाव्या शतकांत वीस हजारांवर कोठड्या होत्या. उमेदवारानें एका अरुंद कोठडींत दोन फळ्या घेऊन रहावयाचें. दिवसा एक फळी बसावयास व दुसरी लिहावयास, आणि रात्रीं दोन्ही जोडून त्यांवर निजावयाचें. दारावर कपडे चाचपून झडती होई, तरी मुंगीएवढ्या अक्षरांनीं भरलेलीं वस्त्रें आंत जात. तशीं वस्त्रें आजहि संग्रहालयांतून पहावयास मिळतात. परीक्षकाला वश करून घेणाऱ्यांनीं याहून सूक्ष्म युक्ति काढली. नांव दिसत नाहीं, अक्षर दिसत नाहीं, मग खूण कोठें करावी? ती भाषेंतच केली. पहिल्या निबंधाच्या शेवटीं अमुक अव्यय, दुसऱ्याच्या शेवटीं अमुक, कवितेंत अमुक दोन शब्द, असें परीक्षकाशीं आधींच ठरवून ठेवीत. नकलनविसानें कितीहि प्रामाणिकपणें नक्कल केली तरी ती खूण जशीच्या तशी पोंचे. लबाडी अक्षराच्या वळणांतून निघाली आणि वाक्याच्या शेवटांत जाऊन लपली. याचा एक भयंकर परिणाम असा झाला कीं, कोणतेंहि निरुपद्रवी अव्यय संशयास्पद ठरूं शकत होतें. भाषाच साक्षीदार आणि भाषाच आरोपी, अशी स्थिति आली.

अशा वातावरणांत १६५७ साल उजाडलें. मांचू लोकांनीं पेकिंग (आजचें बीजिंग) घेतल्यास तेरा वर्षें झालीं होतीं. सम्राट् शुन-चर विशीच्या आंतबाहेर होता. नानकिंगच्या आसपासचा च्यांगनान प्रांत हा धनाचा, विद्येचा आणि जुन्या अभिमानाचा. नव्या राजवटीपुढें तो मनापासून वांकला आहे, असें दरबारास वाटत नव्हतें. त्या वर्षींच्या प्रांतिक परीक्षांचे निकाल लागले आणि पेकिंग व नानकिंग या दोन्ही ठिकाणीं लांचलुचपतीची ओरड झाली. पेकिंगच्या प्रकरणांत लांच शाबीत झाली आणि कांहीं परीक्षकांचा व उमेदवारांचा शिरच्छेद झाला. नानकिंगला मुख्य परीक्षक होते फांग यो आणि छ्येन खाय-त्सुंग. तेथील उपहासकर्त्यांनीं या दोघांच्या आडनांवांवरच कोटी केली. ‘फांग’ या अक्षराचा वरचा ठिपका पुसला कीं ‘दहा हजार’ असा अर्थ देणारें अक्षर उरतें, आणि ‘छ्येन’ या अक्षराचें एक अंग काढलें कीं ‘सोनें’ उरतें. या दोन तुकड्यांना जोडून ‘दहा हजारांचें सोनें’ अशा अर्थाचें नांव असलेलें नाटकच रचलें गेलें. थट्टा मोठी चतुर होती. पण थट्टा म्हणजे पुरावा नव्हे.

दरबारांत जो आरोप दाखल झाला त्यांत फांग चांग-युए नांवाच्या उमेदवारावर विशेष रोख होता. तो मुख्य परीक्षक फांग यो याचा भाऊबंद आहे, असें फिर्यादीचें म्हणणें होतें. मुलाचा बाप फांग कुंग-छ्येन हा स्वतः दरबारांत अधिकारी होता. त्यानें लेखी उत्तर दिलें कीं, आमचें घराणें च्यांगनानचें आहे, परीक्षकाच्या घराण्याशीं आमचें कुळ कधींच एक नव्हतें. परीक्षक शेजारच्या चच्यांग प्रांतांतला होता, त्या अर्थीं हें उत्तर विचार करण्याजोगें होतें. पण आडनांव एक होतें, आणि त्या दिवसांत तेवढें पुरेसें झालें.

१६५८ सालीं च्यांगनानच्या उत्तीर्ण उमेदवारांना पेकिंगला नेऊन त्यांची फेरपरीक्षा घेण्यांत आली. वरवर पाहतां श्युआन-त्सुंगचाच हा उपाय: सर्वांची परीक्षा, तीहि सम्राटाच्या नजरेखालीं. पण भेद फार मोठा होता. प्रत्येक उमेदवाराच्या दोन्ही बाजूंस नागव्या तलवारी घेतलेले शिपाई उभे होते, असें त्या प्रसंगाचें वर्णन आढळतें. आपले परीक्षक कैदेंत आहेत, पेकिंगच्या प्रकरणांत माणसें मारलीं गेलीं आहेत, आणि कागद बिघडला तर आपली व आपल्या कुटुंबाचीहि तीच गत होईल, हें प्रत्येकास ठाऊक होतें. या स्थितींत जो निकाल लागला तो विचार करावयास लावणारा आहे. एकाचें लिखाण विशेष उत्कृष्ट ठरलें, ७४ जणांची पदवी कायम राहिली, २४ जणांची पदवी राहून त्यांना पुढच्या दोन परीक्षांना बसण्याची बंदी झाली, आणि अवघ्या १४ जणांचें लेखन निकामी ठरून त्यांची पदवी गेली. म्हणजे ११३ पैकीं ९९ जण तलवारींच्या छायेंतहि आपली योग्यता सिद्ध करून गेले. तांग सम्राटाच्या फेरपरीक्षेंत दहांतून एकदोघे टिकणें कठीण झालें होतें. येथें दहांतून जवळजवळ पावणेनऊ टिकले. परीक्षेनें आपलें उत्तर स्पष्ट दिलें होतें. तें उत्तर दरबारानें ऐकलें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघां मुख्य परीक्षकांचा शिरच्छेद झाला. साहाय्यक परीक्षकांपैकीं एक आधींच मेला होता, बाकीच्या सर्वांस गळफास देऊन मारण्यांत आलें. आठ उमेदवारांना चाळीस फटके, मालमत्तेची जप्ती आणि आईबाप, भाऊ, बायकामुलें यांच्यासह निंगगुता येथें हद्दपारी, अशी शिक्षा झाली.

त्या आठांत फांग चांग-युए तर होताच. शिवाय वू चाव-छ्येन नांवाचा सत्तावीस वर्षांचा कवि होता. हा कोणी अप्रसिद्ध मनुष्य नव्हता. त्या काळचा श्रेष्ठ कवि वू वेय-ये यानें च्यांगनानकडील ज्या तिघां तरुणांस पक्षिराजाची उपमा दिली त्यांतील हा एक. ज्याला लेखणीचें वरदान आहे असें सगळा प्रांत म्हणत होता, त्याच्याच हातून फेरपरीक्षेचा कागद पुरा झाला नाहीं. कोणी म्हणतात, त्यानें कोरा कागद दिला. कोणी म्हणतात, अर्धवट दिला. कोणी म्हणतात, भीतीनें हात कांपूं लागला. कोणी म्हणतात, असल्या अपमानकारक परीक्षेंत लिहावयाचें नाहीं असें मानी मनानें ठरविलें. लांच दिल्याचें त्याच्यावर शाबीत झालें नव्हतें. कागद पुरा झाला नाहीं, एवढेंच काय तें दिसत होतें.

आपल्याकडे ‘कर नाहीं त्याला डर कशाचा’ अशी म्हण आहे. ती घरगुती न्यायाला पुरते. दरबारी न्यायाला पुरत नाहीं. ज्याच्या मानेजवळ पातें आहे त्याला कर नसतांहि डर असतो. किंबहुना निर्ढावलेल्या लबाडापेक्षां हळव्या मनाच्या सज्जनालाच तो अधिक असतो. ७४३ सालच्या फेरपरीक्षेंत ‘याला लिहितां येतें काय?’ एवढाच प्रश्न होता. १६५८ सालीं त्या प्रश्नाखालीं दुसरा एक प्रश्न दडलेला होता: ‘मरणाच्या भयांत याला लिहितां येतें काय?’ हा दुसरा प्रश्न भाषेचा नव्हे, तो धैर्याचा आहे. आणि नोकरीसाठीं धैर्याची परीक्षा कोणी मागितली नव्हती. परीक्षेलाच शिक्षेचें रूप आलें कीं ती मोजमाप करण्याचें सोडून देते. दोन्ही कागद दिसावयाला सारखेच. एकावर अज्ञान होतें, दुसऱ्यावर भय होतें. कागदानें तो भेद सांगितला नाहीं, आणि तो विचारण्याची तसदी कोणी घेतली नाहीं.

निंगगुता म्हणजे मांचुरियाचा दूरचा कोपरा. आजच्या हैलुंगच्यांग प्रांतांत तो मोडतो. १६५९ सालीं वू चाव-छ्येन तिकडे निघाला. तेथील हिंवाळा सोशीत त्यानें शिष्य शिकविले आणि कविता लिहिल्या. त्याला मुलगा झाला तो हद्दपारींतच. त्याच मुलानें पुढें निंगगुताचें वर्णन करणारें पुस्तक लिहिलें. इकडे त्याचा मित्र कू चन-क्वान स्वस्थ बसला नव्हता. १६७६ सालीं त्यानें आपल्या दूरच्या मित्रास पत्राच्या रूपांत दोन कविता लिहिल्या. त्या नालान शिंग-ते या तरुण कवीनें वाचल्या आणि त्याचे डोळे भरून आले. हा शिंग-ते म्हणजे प्रबळ मंत्री मिंगचू याचा पुत्र. दहा वर्षांत सोडवितों असें त्यानें म्हटलें, तेव्हां ‘माणसाचें आयुष्य तें किती? पांच वर्षांत सोडवा’ अशा आशयाचें कू चन-क्वान बोलला, असें सांगतात. अखेर मित्रांनीं पैसे जमविले, ते सरकारी बांधकामासाठीं भरले, आणि १६८१ सालीं, तेविसाव्या वर्षीं, वू चाव-छ्येन परत आला. १६८४ सालीं तो वारला. ज्याला लिहितां येत नाहीं असें सरकारानें ठरविलें त्याच्या हद्दपारींतील कविता चिनी वाङ्मयांत राहिल्या आहेत. आणि ज्या दरबारानें त्याला लेखनावरून घालविलें त्याच दरबाराचें दार एका मित्राच्या लेखनानें उघडलें. कागदपत्रांवर मात्र तो पैसे भरून सुटला. ‘तूं निर्दोष होतास’ असें त्याला कोणी म्हटलें नाहीं.

असें असले तरी शंका आली असतां सरकारास दुसरें साधन नव्हतें काय? होतें, आणि तें त्याच पद्धतीनें निर्माण केलेलें होतें. काळा मूळ कागद आणि तांबडी नक्कल या दोन्ही जपून ठेवलेल्या असत, आणि निकालानंतर त्या पुन्हां पडताळून पाहण्याची रीत होती. १८५८ सालीं पेकिंगच्या परीक्षेंत नाटकांत गाण्याचा षोक असलेला एक उमेदवार सातवा आला आणि लोकांत चर्चा झाली. त्याचे दोन्ही कागद काढून पाहिले, तों मूळांतील चुका नकलेंत दुरुस्त झालेल्या आढळल्या. येथें कोणाच्या छातीशीं तलवार लावावी लागली नाहीं. दोन कागदांनींच एकमेकांविरुद्ध साक्ष दिली. दुर्दैवानें पुढच्या चौकशींत राजकारण शिरलें, आणि एका नोकराच्या विनवणीवरून कागद बदलूं दिल्याबद्दल बोच्युन या महामंत्र्याचा १८५९ सालीं शिरच्छेद झाला. शोधाची रीत शुद्ध होती. शासनाची पुन्हां तीच जुनी.

चिनी परीक्षांचीं वर्णनें मिशनऱ्यांनीं आणि प्रवाशांनीं युरोपांत पोंचविलीं होतीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकऱ्या चढाओढीच्या परीक्षेनें भरण्याचा वाद इंग्लंडांत चालला असतां चीनचा दाखला तेथें दिला जात असे. १८५५ सालीं ती परीक्षा लंडनला सुरू झाली, आणि तिच्याबरोबर संशयहि आला. १८६९ सालीं ती उत्तीर्ण झालेल्या हिंदी तरुणांपैकीं बंगालचे सुरेंद्रनाथ बानर्जी आणि मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर या दोघांचीं नांवें यादींतून काढण्यांत आलीं. त्यांनीं वय चोरलें, असा आयोगाचा संशय होता. वस्तुतः आपल्याकडे वय सांगतांना चालू वर्ष धरण्याची रीत होती, आणि इंग्रजी हिशेब पुऱ्या झालेल्या वर्षांचा, घोटाळा एवढाच. सुरेंद्रनाथ यांनीं लंडनच्या न्यायासनाकडे दाद मागितली, आणि दोघांचींहि नांवें पुन्हां यादींत आलीं. येथें लिखाणाविषयीं शंका नव्हती, तरी प्रश्न जुनाच होता: संशयिताला आपल्या शब्दांत खुलासा करण्याची जागा आहे किंवा नाहीं? लंडनला ती न्यायासनापुढें मिळाली. १६५८ सालीं पेकिंगला ती नव्हती.

परीक्षा आहेत तोंवर त्यांत लबाडी होणार, आणि लबाडी होते तोंवर संशयहि येणार. तो येऊं नये अशी इच्छा करणें व्यर्थ होय. परंतु संशयाचें निराकरण करणाऱ्यानें दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत: खरें काय तें शोधणें ही एक, आणि धाक बसविणें ही दुसरी. फेरपरीक्षा सर्वांची घ्यावी, पूर्वीं विचारलें तेंच पुन्हां विचारावें, मूळ कागद जपून ठेवावे, आणि संशयिताला बोलूं द्यावें. इतकें केल्यावर जो कागद कोरा राहील त्याची साक्ष खुशाल घ्यावी. पण उमेदवाराच्या शेजारीं तलवार उभी करून मिळविलेला कोरा कागद पुढें आला, तर तो वाचण्यापूर्वीं राज्यकर्त्यानें त्या तलवारीकडे पहावें. ती तेथें कोणी ठेवली, याचें उत्तर उमेदवाराजवळ नसतें.